डीपीवरचे शेजारी

थ्री फेजचं कनेक्शन एका शेतकऱ्याच्या नावावर मिळतं, पण ते टिकतं त्या डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, सगळ्यांच्या हातून. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत शेतीपंपांच्या वायरिंगचं आणि मोटारींचं काम करताना तीसेक वर्षांत मला पटलेली ही गोष्ट आहे. लायसन्सधारक इलेक्ट्रिशियन म्हणून माझं काम डीपीच्या पेटीपासून विहिरीपर्यंतचं. खान्देशात वीज तयारही होते. भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या फिरतात, त्याच तालुक्यात शिवाजीनगरला 2013 पासून 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. तरीही शेतकऱ्याचं पीक उभं राहणार की वाळणार हे ठरतं ते शेवटच्या दोन-चारशे मीटरमध्ये. त्या अंतरात काय चालतं, हे त्या अंतरात काम करणाऱ्याने सांगावं, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्याकडे पाण्याला ताकद का लागते, ते आधी सांगायला हवं. सातपुड्याच्या पायथ्याचा आणि तापीकाठचा रावेर, यावल, चोपडा हा गाळाचा पट्टा केळीचा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथली जमीन खोलवर मऊ आहे, पण वर्षानुवर्षांच्या उपशाने पाणीही खोल गेलं आहे. एकेकाळी विहिरीवर मोट चालायची, मग ऑइल इंजिनं आली, मग विहिरीत मोनोब्लॉक बसले. आता बोअरमध्ये शेकडो फूट खाली दहा, साडेबारा, पंधरा एचपीच्या सबमर्सिबल सोडाव्या लागतात. दुसऱ्या बाजूला साक्री, शिंदखेडा, पारोळा इकडे काळा पाषाण. विहिरीत पाणी झिरपत येतं, दोन-तीन तास उपसलं की तळ दिसतो. तिथे तीन किंवा पाच एचपी पुरते, पण वीज वेळेवर हवी असते, कारण पाणी साठलेलं असताना लाईट नसेल तर तो दिवस वाया जातो.

त्यात ठिबक आलं. ठिबकने पाणी वाचवलं हे खरंच, पण नळीच्या शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी पोचायला नळीत दाब लागतो आणि दाबाला चांगल्या चालीची मोटार लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला गेला की केळीला रोज पाणी द्यावं लागतं. घड निसवलेल्या बागेला दोन-तीन दिवस पाणी चुकलं तर घडाची फुगवण थांबते, पानं करपतात. वर्षभराची कमाई त्या दोन-तीन दिवसांवर अवलंबून असते. म्हणून खान्देशातल्या गावात सकाळी भेटणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: “लाईट उनी का?” म्हणजे वीज आली का?

सिंगल फेजवरून थ्री फेजवर जायची गरज कुठे पडते, याचं एक उदाहरण सांगतो. पारोळा तालुक्यातलं एक कुटुंब मळ्यातच राहायचं. घराला सिंगल फेजचं मीटर. त्यावर दिवे, पंखा आणि गुरांच्या हौदापुरतं पाणी उचलणारी एक एचपीची मोटार. पिकाला पाणी द्यायला विहिरीवर डिझेल इंजिन. डिझेलचा खर्च दर हंगामाला वाढत होता. घरातले मोठे, त्यांना सगळे आबा म्हणत, मला म्हणाले, “भाऊ, घरात लाईट आहेच ना? मग तीच तार जरा जाड करून पाच एचपी चालव ना.”

हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यावं असं मला नेहमी वाटतं. पाच एचपीची मोटार तीन फेजवर चालते तेव्हा प्रत्येक तारेतून साधारण सात-आठ अ‍ॅम्पिअर करंट जातो. तेवढंच काम सिंगल फेजवर करायचं तर एकाच तारेतून तेवीस-चोवीस अ‍ॅम्पिअर ओढावे लागतील. घराची सर्व्हिस वायर ते सोसणार नाही, वस्तीच्या लाईनवर बाकीच्यांचे दिवे मंद होतील. पण मूळ कारण वेगळंच आहे. सिंगल फेजचा प्रवाह मोटारीच्या आत एकाच रेषेत मागेपुढे जोर देतो. थांबलेला रोटर त्याने आपणहून फिरायला लागत नाही, त्याला कंडेन्सर लावून ढकलावं लागतं. तीन फेज एकामागोमाग एक ठरावीक अंतराने उसळतात. तीन ठिकाणच्या वाइंडिंगमधून ते जातात तेव्हा आत चुंबकीय क्षेत्रच गोल फिरायला लागतं आणि रोटर त्याच्यामागे ओढला जातो. ना ब्रश, ना घासणारा भाग. म्हणून ही मोटार साधी, मजबूत आणि विहिरीच्या तळाशी पाण्यात बुडवून वर्षानुवर्षं चालवण्याजोगी.

मिखाईल दोलिवो-दोब्रोवोल्स्की या रशियन अभियंत्याने जर्मनीत काम करताना 1889 मध्ये अशी तीन फेजची मोटार बनवली. दोन वर्षांनी, 1891 मध्ये, नेकार नदीवरच्या लाउफेन गावी तयार केलेली तीन फेजची वीज 175 किलोमीटरवरच्या फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात नेण्यात आली. तिथे तिने हजार दिवे लावले आणि एका मोटारीने पाणी वर चढवून कृत्रिम धबधबा चालवला. दूरवरून आलेल्या तीन फेजच्या विजेने जगाला पहिल्यांदा करून दाखवलेल्या कामांमध्ये पाणी उपसणं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपण विहिरीवर रोज तेच करतो.

आबांना हे माझ्या भाषेत समजावलं आणि आम्ही पाच एचपीच्या नव्या कृषी कनेक्शनचा अर्ज करायचं ठरवलं. विजेच्या कामात पहिली अडचण कागदाची असते आणि कागदाची अडचण मुळात घरातली असते. विहीर दोघा भावांच्या सामायिक सातबाऱ्यावर होती. धाकटा भाऊ कामासाठी सुरतेला गेलेला, आमच्या भागातली पुष्कळ घरं अशीच अर्धी सुरतेत असतात. त्याचं संमतीपत्र हवं होतं. आबांना ते मागायचा संकोच वाटत होता, कारण वाटणीचा विषय निघेल ही भीती. मी त्यांना एवढंच सांगितलं की विहिरीच्या पाण्याचा हिस्सा संमतीपत्राने कमी होत नाही, तो स्टँपवर स्पष्ट लिहून घ्या. भाऊ दिवाळीला आला, दोघं बसले, पाळ्या ठरल्या आणि कागद झाला. कनेक्शनच्या निमित्ताने घरातली एक जुनी गाठ सुटते, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे. ती न सुटल्यामुळे अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिलेलेही पाहिले आहेत.

मग कोटेशन भरलं आणि थांबलो. त्या काळात पैसे भरून कनेक्शनची वाट पाहणाऱ्यांची यादी राज्यभर मोठी होती. 2018 मध्ये उच्चदाब वितरण प्रणालीची योजना आली, तिच्यात आबांचं काम बसलं. जुन्या पद्धतीत एक मोठा डीपी गावाच्या शिवारात उभा करायचा आणि त्यातून लघुदाबाच्या तारा लांबलांब न्यायच्या. तार जितकी लांब तितकं व्होल्टेज पडतं. शेवटच्या शेतात 415 ऐवजी साडेतीनशेच्या आसपास व्होल्टेज मिळणं ही नेहमीची गोष्ट होती. आणि मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: व्होल्टेज 20 टक्क्यांनी कमी झालं तर जोर 36 टक्क्यांनी कमी होतो. मोटार नुसती घुमते, करंट जास्त ओढते आणि तापते. नव्या पद्धतीत उच्चदाबाची 11 केव्हीची लाईनच शेताजवळ आणतात आणि एका किंवा दोन शेतकऱ्यांसाठी छोटा डीपी बसवतात. लघुदाबाच्या तारेची लांबी जवळजवळ उरत नाही, आकडा टाकायला जागा राहत नाही आणि बिघाड झाला तर एक-दोघांपुरताच होतो.

लाईनचे पोल मात्र हवेत उभे राहत नाहीत, ते कोणाच्या तरी शेतात उभे राहतात. आबांच्या शेजाऱ्याने, त्यांना तात्या म्हणत, पोलला साफ नकार दिला. ट्रॅक्टर वळवायला अडचण होते, ताणाच्या तारेत औताचे बैल अडकतात, ही त्यांची तक्रार खरी होती. आम्ही जागेवर जाऊन गाळे पुन्हा मोजले, पोल बांधाच्या कोपऱ्यावर सरकवता येतो का ते पाहिलं, ताण बांधाच्या दिशेने घेता येतो का ते पाहिलं. दोन्ही जमलं. बोलता बोलता कळलं की तात्यांचाही अर्ज पडून आहे. शेवटी 16 केव्हीएचा डीपी बांधावर उभा राहिला आणि त्यावर ते दोघं आले.

त्यानंतरचं काम माझं. अर्थिंगला मी कधी तडजोड करत नाही. खड्डा खोल, जीआय पाइप, कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं. उन्हाळ्यात तिथे पाणी ओतायचं, हे घरातल्या बायकांनाही सांगून ठेवतो, कारण मोटार चालू-बंद करायला बऱ्याचदा त्याच जातात. स्टार्टरची पेटी जमिनीपासून उंच, पावसाचा मारा न येणाऱ्या बाजूला. ओव्हरलोड रिले मोटारीच्या करंटप्रमाणे लावलेला. एखादा फेज गेला तर मोटार आपोआप बंद करणारा प्रिव्हेंटर. पाच एचपीला 2 केव्हीएआरचा कपॅसिटर. हा कपॅसिटर लाईनवरचा करंट दहा-पंधरा टक्क्यांनी कमी करतो, त्यामुळे तार आणि डीपी दोघांचंही ओझं हलकं होतं आणि व्होल्टेजही सुधारतं. शेवटी मोटार सुरू करून टाँग टेस्टरने तिन्ही तारांचा करंट पाहायचा, तिन्हींत सारखा यायला हवा. पाणी जोरात येत नसेल तर मोटार उलटी फिरते आहे असं समजायचं आणि कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची.

आबांच्या पाइपमधून पाणी पडलं तेव्हा ते पहिल्यांदा त्यात हात धुऊन देवाला नमस्कार करायला गेले. डिझेल इंजिन त्यांनी पुढच्या हंगामात विकलं.

कपॅसिटर, म्हणजेच कंडेन्सर, हा शब्द आला की मला लोडशेडिंगची वर्षं आठवतात. 2005 च्या सुमारास राज्यात विजेचा तुटवडा इतका होता की खेड्यांत दिवसाचा मोठा भाग अंधारात जायचा. गावाला निदान दिवे मिळावेत म्हणून ठरावीक वेळी सिंगल फेज पुरवठा सोडला जायचा, म्हणजे शेतीपंप चालू नयेत. पण समोर पीक वाळताना दिसत असलेल्या माणसाला हात बांधून बसवत नाही. लोक मोठे कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार त्या पुरवठ्यावरही चालवू लागले. एका तारेवर सगळं ओझं यायचं, न्यूट्रल तापायचा, गावातल्या घरांचे दिवे मंद व्हायचे, डीपी जळायचा. ज्यांच्याकडे प्रिव्हेंटर नव्हता त्यांची मोटार एक फेज गेल्यावरही उरलेल्या दोघांवर घुमत राहायची, दीडपट-पावणेदोनपट करंट ओढायची आणि थोड्या वेळात वाइंडिंगचा काळा कोळसा व्हायचा. रिवाइंडिंगच्या दुकानांपुढे मोटारींच्या रांगा लागायच्या. त्या दिवसांत मला काम भरपूर मिळालं, पण त्या पैशाचा मला आनंद कधी झाला नाही. तांब्याची तार बदलून घ्यायला लोक सोनाराकडे दागिना ठेवून यायचे.

त्या काळात अक्षय प्रकाश योजना आली. संध्याकाळी आम्ही पंप चालवणार नाही असं गावाने एकत्र ठरवायचं आणि त्या बदल्यात दिव्यांसाठी अखंड वीज मिळवायची. पुढे गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करण्याचं काम झालं, त्याने ही ओढाताण पुष्कळ कमी झाली. पण त्या योजनेने माझ्या मनावर एक गोष्ट कोरली. जिथे गावाने एकत्र बसून शब्द दिला आणि पाळला, तिथे त्याच तारांवर, त्याच डीपीवर दिवे लागले.

हेच मी नंतर चोपडा तालुक्यातल्या एका डीपीवर अनुभवलं. 63 केव्हीएचा डीपी. पाच एचपीच्या मोटारीला साडेपाच केव्हीएच्या आसपास लागतात, म्हणजे अशा अकरा-बारा मोटारी त्यावर चालाव्यात. कागदावर तेवढ्याच होत्या. प्रत्यक्षात पाणी खाली गेलं तसं अनेकांनी पाचची काढून साडेसात टाकली होती, कोणी दहा. कोणीही लोड वाढवून घेतला नव्हता. शिवाय प्रत्येकाच्या स्टार्टरला ऑटो. लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होत. सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. तो सगळा झटका डीपीला एकदम बसायचा, फ्यूज उडायचा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कोणीतरी फ्यूजच्या किटकॅटमध्ये अ‍ॅल्युमिनियमची जाड तार गुंडाळली होती. मग फ्यूज उडेना, डीपीच जळू लागला. ऐन मार्चमध्ये डीपी गेला की नवा येईपर्यंत केळी उन्हात उभी.

असंच एकदा झाल्यावर गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने सगळ्यांना मंदिरात बोलावलं आणि मलाही. सुरुवातीला एकमेकांवर बोट दाखवणं झालं. तेवढ्यात लाईनच्या अगदी शेवटी जिचं शेत होतं, ती बाई उभी राहिली. नवरा गेल्यापासून शेत एकटी सांभाळणारी. ती म्हणाली, “तुमच्या सगळ्यांच्या मोटारी चालू असतात तेव्हा माझी नुसती घुं घुं करते. मी बंद करून बसते. तुम्ही बंद केल्यावर माझी चालते, तोवर लाईट जायची वेळ होते. मी बिल तुमच्यासारखंच भरते ना?” तिला कोणी उत्तर देऊ शकलं नाही. तिथून बैठकीचा सूर बदलला.

दुसऱ्या दिवशी मी टाँग टेस्टर घेऊन प्रत्येकाच्या स्टार्टरवर गेलो. जो करंट आला तो सगळ्यांसमोर वहीत लिहिला, नावापुढे खरा एचपी लिहिला. कोणाला लाजवण्याचा हेतू नव्हता आणि तसं कोणी मानलंही नाही, कारण आकडे सगळ्यांचेच होते. मग ठरलं ते असं: जाड तारा काढून योग्य जाडीचा फ्यूज. ऑटो बंद, ज्यांना ठेवायचाच आहे त्यांनी थोड्या थोड्या अंतराने सुरू होणारा टायमर लावायचा. प्रत्येकाला कपॅसिटर. जोवर डीपी मोठा होत नाही तोवर दोन गट, आठ तासांच्या विजेत दोन पाळ्या, आठवड्याने पाळी बदलायची. आणि सगळ्यांनी एकत्र जाऊन खरा लोड मंजूर करून घ्यायचा. शेवटची गोष्ट सगळ्यांत अवघड वाटत होती, पण तीच कामाला आली. खरा लोड कागदावर आला म्हणून डीपीची क्षमता 100 केव्हीएपर्यंत वाढवण्याची मागणी मान्य होऊ शकली. खोट्या आकड्यांवर ती कधीच झाली नसती, कारण कागदावर जुना डीपी पुरेसाच होता.

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर फड पद्धत शेकडो वर्षं चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एक पीक, कोणतं ते लाभधारकांनी मिळून ठरवायचं, पाणी पाटकऱ्याने वाटायचं, पाटाची दुरुस्ती सगळ्यांनी करायची. कुठलीही मोटार नाही, कुठलीही तार नाही, केवळ उतार आणि आपसातला नियम. मला चोपड्याच्या त्या डीपीवर फडाचीच आठवण झाली. पाण्याच्या वाटणीची एवढी जुनी शिस्त आपल्याच मातीत आहे, मग विजेच्या वाटणीची शिस्त आपल्याला परकी का वाटावी?

शिस्तीबरोबर जिवाचाही प्रश्न आहे. डीपीवर चढून डीओ, म्हणजे वरचा फ्यूज, बसवणारे, काठीने झंपर सारखा करणारे, ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून पेटी उघडणारे लोक मी रोज पाहतो. लाईनमनची वाट पाहायला वेळ नसतो, पीक तहानलेलं असतं, हे मला समजतं. पण उच्चदाबाच्या तारेला चूक माफ नसते. अशा अपघातात गेलेल्या माणसाच्या घरी मी बसून आलो आहे. त्या घरातल्या मुलाने पुढे शेत करायचं सोडलं. मी ज्यांच्याकडे काम करतो त्यांना हात जोडून सांगतो: डीपीच्या पेटीच्या वरच्या भागाला हात लावायचा नाही, कितीही घाई असली तरी.

दुसरा धोका रात्रीचा. शेतीला अनेक वर्षं चक्राकार पद्धतीने वीज मिळत आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे थंडीत, चिखलात, विंचू-सापांच्या सोबतीने पाणी भरणं. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात वरखेडे परिसरात बिबट्याने माणसांचे बळी घेतले, तेव्हा तिकडच्या गावांत संध्याकाळनंतर शेतात पाऊल टाकायची कोणाची हिंमत नव्हती. त्यानंतर रात्री मोटार चालू करायला जाणाऱ्याच्या घरचे लोक तो परत येईपर्यंत जागे असत. रात्रीची वीज नको म्हणणाऱ्या शेतकऱ्यावर आळसाचा ठपका ठेवणाऱ्या माणसाने एकदा तरी पौषातल्या मध्यरात्री गव्हाला पाणी भरायला उभं राहून पाहावं.

म्हणून दिवसा वीज ही मागणी मला सगळ्यांत न्याय्य वाटते, आणि तिच्या दिशेने काम सुरू झालं आहे याचं समाधानही वाटतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 मध्ये सुरू झाली आणि 2023 पासून तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा त्यावर चालवायचे, ही तिची कल्पना. 2024 पासून मागेल त्याला सौर कृषीपंप ही योजना आली. सर्वसाधारण शेतकऱ्याने 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के रक्कम भरायची, जमिनीप्रमाणे तीन, पाच किंवा साडेसात एचपीचा पंप मिळतो. लोक मला विचारतात, आता थ्री फेजच्या मागे लागू की सोलर घेऊ? मी त्यांच्या विहिरीकडे पाहून उत्तर देतो. साक्री-शिंदखेड्यातली पाषाणातली विहीर, पाच एचपी, दिवसा पाणी साठलं की उपसायचं: सोलर उत्तम. यावल-रावेरचा खोल बोअर, दहा-पंधरा एचपी, उन्हाळ्यात रोज तासन् तास पाणी: त्याला थ्री फेजच्या लाईनशिवाय आज तरी पर्याय नाही. आणि हेही सांगतो की सोलरच्या बऱ्याच पंपांत पॅनलची डीसी वीज कंट्रोलर तीन फेजच्या एसीमध्येच बदलतो. विहिरीत फिरणारी मोटार तीच असते, तिची काळजीही तशीच घ्यावी लागते.

एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारने वीजबिल माफ केलं आहे. शेतकऱ्याला हा मोठा आधार आहे. पण बिल येत नाही म्हणून दहाची मोटार साडेसातच्या नावाखाली चालवली, कपॅसिटर काढून टाकला, तर डीपी ते माफ करत नाही. त्याची भरपाई शेजाऱ्याच्या जळालेल्या मोटारीतून होते.

रब्बीची पेरणी आटोपली की प्रत्येक डीपीवरच्या लोकांनी एकदा एकत्र बसावं, ही माझी सर्वांना विनंती आहे. प्रत्येकाचा खरा एचपी वहीत लिहा. जास्त असेल तर मंजूर करून घ्या. फ्यूजमधली जाड तार आजच काढा. ऑटो बंद करा किंवा टायमर लावा. कपॅसिटर आणि प्रिव्हेंटर बसवा, अर्थिंगला पाणी घाला, डीपीला स्वतः हात लावू नका. लाईनच्या शेवटी ज्याचं शेत आहे त्याला विचारा की तुमची मोटार नीट चालते का. त्याची नीट चालत असेल तर समजा की तुमच्या डीपीवर सगळ्यांची चालते.